शरीर की कसब? हॉकीचा संघ निवडताना

गेल्या महिन्यात वाक्वाकडचे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ रविवारी सकाळी आपल्या धाकट्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा तेरा वर्षांचा, अंगाने किरकोळ, हातात हॉकीची स्टिक. चहा येण्यापूर्वीच गृहस्थांनी विषय काढला. "भाऊ, ह्याला शाळेच्या संघातून वगळले. सर म्हणाले, मुलगा खेळतो चांगला, पण अंगात काही नाही; समोरची दांडगी पोरे ह्याला लोळवतील. तेव्हापासून हा म्हणतो, स्टिक देऊन टाका कुणाला तरी. तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हीच ह्याला दोन शब्द सांगा." मुलगा खाली मान घालून उभा होता.

दोन शब्दांत भागण्यासारखे हे काम नव्हते. आपल्या ह्या बेटावर मुलांचा जीव फुटबॉलमध्ये. हॉकीकडे वळणारी मुले थोडी, आणि त्यांतले एक केवळ उंचीपायी गळू पाहते आहे हे आम्हांला बरे वाटले नाही. त्या दिवशी आम्ही जे बोललो आणि पुढे सवडीने जे पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न काही त्या एका घरचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांची अंगकाठी कोकणातून आलेली. पणजोबांनी ऊस तोडला तो काही सहा फुटी देहाने नव्हे. तेव्हा अशी लहानखुरी मुले आपल्या पुष्कळ घरांत सापडतील.

प्रथम त्या सरांची बाजू सांगितली पाहिजे. त्यांना वेड्यात काढणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा टणक असतो. समोरच्या संघात मिसरूड फुटलेली मुले आहेत, मैदानावर जागा अकराच आहेत, आणि उद्या कुणाचा दात पडला तर पालक जाब विचारायला सरांच्याच दारात येणार. त्यांनी दांडगी मुले निवडली तर त्यात दुष्टपणा नाही. पण हिशेब चुकला आहे, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे अशा वेळी "मूर्ती लहान पण कीर्ती महान" असे म्हणून मुलाच्या पाठीवर थाप मारण्याची रीत आहे. त्या थापेने मुलाला संघात जागा मिळत नाही. हॉकीत शरीर नेमके कुठे कामाला येते आणि कुठे येत नाही, हे पाहिल्याखेरीज बोलण्यात अर्थ नाही.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, हे मराठी माणूस कुठेही असला तरी विसरत नाही. ते बॅंटमवेट गटात लढले, म्हणजे त्यांच्यासमोर आलेले मल्लही त्यांच्याच वजनाचे होते. त्याच हेलसिंकीत भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडचा ६-१ असा पराभव केला आणि त्यांतले पाच गोल एकट्या बलबीर सिंगांनी केले. हॉकीत मात्र वजनाचे गट नाहीत. पावणेसहा फुटी डच फुलबॅक आणि त्याच्या खांद्याला लागणारा फॉरवर्ड एकाच मैदानावर समोरासमोर येतात, आणि आपापले निस्तरतात.

असे होऊ शकते ह्याचे कारण खेळाच्या नियमांत आहे. हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने ढकलता येत नाही. चेंडू आणि त्याच्या मध्ये देह घालून वाट अडवताही येत नाही. पंच लगेच शिटी वाजवतात. रग्बीत वजन हेच हत्यार असते, तसे येथे नाही. म्हणजे "पोरे ह्याला लोळवतील" ही भीती नियमाप्रमाणे तरी निम्मी निराधार. निम्मीच म्हणतो, कारण शरीराचा उपयोग आडवाटेने होतोच. लांब हाताचा गडी एक पाय पुढे टाकून स्टिक जमिनीवर आडवी पसरतो तेव्हा तो मैदानाची मोठी पट्टी अडवतो. मजबूत खांद्याचा फुलबॅक एका टोल्यात चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे धाडतो. उलट, चेंडू सदा जमिनीवर आणि स्टिक फार तर १०५ सेंटिमीटर लांब, त्यामुळे उंच माणसाला सारा वेळ कमरेत वाकून खेळावे लागते. लहान चणीचा खेळाडू मुळातच जमिनीजवळ असतो. तो वळतो चटकन, थांबतो चटकन, आणि उंच माणसाच्या डाव्या पायाजवळून निसटतो तेव्हा त्या बिचाऱ्याला स्टिक उलटी करीपर्यंत उशीर झालेला असतो.

१९२८ ते १९५६ ह्या काळात भारताने ऑलिंपिकची सहा सुवर्णपदके ओळीने जिंकली ती ह्याच निसटण्याच्या बळावर. ध्यानचंद अंगाने बेताचेच होते. १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने धिप्पाड जर्मनांवर ८-१ असा विजय मिळविला. गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, वाकडा जातो, आणि त्याला स्टिकला चिकटवून ठेवण्यासाठी मनगट लागते. ते मनगट भारताकडे आणि पुढे पाकिस्तानकडे होते.

१९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ असे हरवून जगज्जेता ठरलेला भारत तेथे सातवा आला. सुवर्णपदक न्यूझीलंडने नेले. १९८० साली मॉस्कोत सुवर्ण मिळाले खरे, पण अनेक बलाढ्य संघ बहिष्कारामुळे तेथे आलेच नव्हते. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत पाकिस्तानने अंतिम सामन्यात भारताचा ७-१ असा धुव्वा उडविला, आणि १९८६ च्या लंडनच्या विश्वचषकात भारत बारा संघांत बारावा आला. त्या वर्षांत चहाच्या प्रत्येक टेबलावर एकच निदान ऐकू येई: आता हा खेळ ताकदीचा झाला, गोऱ्यांचे देह मोठे, आपले काही चालायचे नाही.

आम्हीही त्या काळी असेच बोलत होतो, हे कबूल करतो. पण हे निदान टिकत नाही. ज्या पाकिस्तानी खेळाडूंची अंगकाठी भारतीयांहून काही वेगळी नाही, त्यांनी १९८४ साली लॉस एंजेलिसला त्याच कृत्रिम हिरवळीवर पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. १९९४ मध्ये सिडनीला त्यांनी विश्वचषकही जिंकला. त्या संघाचा नायक शाहबाज अहमद चणीने लहान, पण चेंडू घेऊन निघाला की युरोपचे फुलबॅक एकमेकांवर आदळत. तेव्हा देहाची उंची हे पराभवाचे कारण नव्हते. चेंडू सरळ आणि वेगाने धावू लागल्यावर खेळाडूलाही सत्तर मिनिटे त्याच वेगाने धावता आले पाहिजे, लांबचा पास मारता आला पाहिजे आणि पेनल्टी कॉर्नर वाया जाता कामा नये. कमी पडले ते येथे. शिवाय भारतातल्या खेड्यांतली मुले पुढेही कित्येक वर्षे मातीवर आणि गवतावरच खेळ शिकत राहिली. उंची वाढवता येत नाही, दम वाढवता येतो. ज्या गोष्टीवर उपाय होता तिच्याकडे पाहायचे सोडून, जिच्यावर उपाय नाही तिच्या नावाने रडत बसलो.

ह्याच्या उलट ऑस्ट्रेलियाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्याकडे मोठे देह होतेच. त्यांना मनगटाचे कसब मिळाले ते काही अंशी भारतातून गेलेल्या माणसांकडून. जबलपूरचे पिअर्स हे अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले आणि त्या एका घरातले पाच भाऊ ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळले. १९६४ साली टोकियोत ऑस्ट्रेलियाला हॉकीतले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले तेव्हा त्यांतले दोघे संघात होते. समुद्रापलीकडे केनियातही तेच. शीख आणि गोवेकर घरांतल्या मुलांच्या बळावर केनिया १९७१ च्या पहिल्या विश्वचषकात चौथा आला. बोटीतून उतरलेल्या माणसांनी बरोबर काय काय आणलेले असते ह्याची यादी करू लागलो तर हा लेख भलतीकडेच जाईल. असो.

महाराष्ट्राचे उदाहरण द्यायचे तर पुण्याजवळच्या खडकीच्या धनराज पिल्लेंचे. घर तमिळ, पण वाढले खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत. मोडक्या स्टिका बांधून-जोडून भावंडांबरोबर खेळायला शिकले. अंगावर मांस म्हणून नव्हते. १९९२ ते २००४ पर्यंत चार ऑलिंपिक, शिवाय चार विश्वचषक ते खेळले, आणि १९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण मिळविले. त्यांना पाडण्यासाठी आधी गाठावे लागे. पण खरे सांगायचे तर धनराजच्या काळातला भारतीय संघ ऑलिंपिकचे एकही पदक आणू शकला नाही. एकट्या कसबी फॉरवर्डने संघ होत नाही, हाही धडा त्यातच आहे. जो सामना त्याने पुढे जिंकत आणावा तो मागे अखेरच्या मिनिटाला निसटे.

मग संघ होतो कशाने? येथे पेनल्टी कॉर्नरकडे जरा बारकाईने पाहू, कारण शरीर आणि कसब ह्यांची सारी वाटणी त्या एका प्रसंगात दिसते. चेंडू गोलरेषेवरून आत ढकलला जातो. तो डीच्या बाहेर गेल्यावरच गोल करता येतो. चेंडू ढकलणाऱ्याला उंचीची गरज नाही. हात स्थिर हवा, आणि प्रत्येक वेळी चेंडू त्याच वेगाने त्याच जागी गेला पाहिजे. थांबवणाऱ्यालाही तेच. मारणारा मात्र वेगळा. पहिला फटका टोला असेल तर चेंडू गोलात ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये, असा नियम आहे. पण चेंडू स्टिकवर घेऊन ओढत भिरकावला, ज्याला ड्रॅगफ्लिक म्हणतात, तर तो गोलाच्या २.१४ मीटर उंचीत कुठेही चालतो. ह्या फेकीत जोर येतो तो चेंडू स्टिकवर किती लांबवर ओढला जातो त्यावर. लांब पाय, लांब हात आणि मजबूत कंबर ह्यांचा येथे सरळ फायदा आहे. समोरून गोलरक्षकासह पाचच जण बचावाला. त्यांतला जो सर्वांत आधी फेकणाऱ्यावर धावून जातो, त्याला ना उंची लागते ना नाजूक हात. त्याला पाय लागतात आणि छाती लागते, कारण ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या चेंडूच्या वाटेत तो स्वतःहून जातो.

२०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने एकेचाळीस वर्षांनी पदक मिळविले, ते अशी वाटणी नीट बसल्यामुळे, असे आम्हांला वाटते. मागे सहा फुटांहून उंच रुपिंदर पाल सिंग आणि त्याच्या जोडीला हरमनप्रीत सिंग, दोघेही ड्रॅगफ्लिकचे बादशहा. गोलात उंचापुरा श्रीजेश. पेनल्टी कॉर्नरला पहिला धावून जाणारा ओडिशाचा अमित रोहिदास. मधल्या फळीत विवेक सागर प्रसाद, उंचीने अगदी बेताचा, पण चेंडू हिसकावण्यात तरबेज. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीने ३-१ अशी आघाडी घेतली होती. तेथून दोन पेनल्टी कॉर्नर मिळाले. पहिल्यावर हरमनप्रीतची फेक अडवली गेली, तर परत आलेला चेंडू हार्दिक सिंगने आत लोटला. दुसऱ्यावर हरमनप्रीतने स्वतःच गोल केला. फेकणारा हवा तसा परतलेल्या चेंडूवर झडप घालणाराही हवा, ह्याचा याहून उघड दाखला कोणता? भारताने तो सामना ५-४ असा जिंकला आणि शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडवला.

२०२४ मध्ये पॅरिसला ब्रिटनविरुद्ध उपान्त्यपूर्व सामन्यात सतराव्याच मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड मिळाले. चाळीस मिनिटांहून अधिक वेळ भारत दहा खेळाडूंनिशी खेळला आणि बरोबरी टिकवून शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. दहा जणांनी अकरांना थोपवायचे म्हणजे प्रत्येकाने धावायचे. १९७६ साली जो दम नव्हता तो येथे होता. आणि तो कमावलेला होता, जन्मजात नव्हे. पुढे स्पेनवर २-१ अशी मात करून कांस्यपदक राखले, दोन्ही गोल हरमनप्रीतचे.

मोठ्यांचे हे झाले. तेरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक आहे, आणि खरी चूक होते ती येथेच. ह्या वयात उंची हे गुणांचे माप नसते, ते फक्त कोण आधी वाढले ह्याचे माप असते. कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. तिच्यात अंगाने धडक मारण्याला मुभा आहे, त्यामुळे दांडग्या मुलांना मागणी अधिक. तेथे रॉजर बार्नस्ले ह्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाच्या संघांतील खेळाडूंच्या जन्मतारखा त्यांनी पाहिल्या, तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेले थोडे. कारण साधे होते. वयोगट एक जानेवारीपासून मोजला जाई. जानेवारीचे मूल डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे. लहानपणी ते उंच दिसते, म्हणून निवडले जाते. मग त्यालाच चांगला शिक्षक, त्यालाच जास्त सामने. चार वर्षांनी ते खरोखरच चांगले खेळू लागते, आणि निवडणारा म्हणतो, पाहा, माझी निवड बरोबर होती! डिसेंबरच्या मुलाने तोवर खेळ सोडलेला असतो. त्याच्यात काय होते हे कुणालाच कळत नाही.

हे सांगताना आम्ही त्या मुलाला सहज जन्ममहिना विचारला. नोव्हेंबर, म्हणाला.

आम्ही कुणी प्रशिक्षक नव्हे, पण मत विचारलेच तर शाळेचा संघ आम्ही असा निवडू. आधी चेंडू थांबवता येतो कुणाला आणि सामन्याच्या शेवटीही धावता येते कुणाला, एवढेच पाहून सात-आठ मुले घ्यावीत, उंची न बघता. मग गोलरक्षक, टोला मारणारा एक फुलबॅक आणि मध्यावर उभा राहणारा एक भक्कम सेंटर हाफ ह्या जागांसाठी अंग बघावे. तेथे अंग हवेच. आणि बाकावरची मुले म्हणजे टाकलेली मुले नव्हेत. नव्वदीच्या दशकापासून हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. समोरचे दांडगे फुलबॅक दमल्यावर एखादे चपळ पोर दहा मिनिटे आत सोडले तर ते काय गोंधळ उडवील ह्याची कल्पना सरांनीच करावी.

बोलता बोलता आम्ही मुलाला स्टिक घेऊन उभे राहायला सांगितले. उभी धरलेली स्टिक त्याच्या बेंबीच्याही वर आली. विचारले तेव्हा कळले, स्टिक थोरल्या भावाची, सदतीस इंची, मोठ्या माणसाच्या मापाची. ह्या पोराने कमरेपर्यंत येणारी, चौतीस इंचांच्या आसपासची वापरावी. लांब स्टिकने तो वाकू शकत नव्हता, वळताना ती पोटाला अडत होती, आणि सरांना तो दुबळा दिसत होता.

"म्हणजे भाऊ, दोष काठीचा?" वडिलांनी विचारले.

"थोडा काठीचा," आम्ही म्हणालो, "थोडा नोव्हेंबरचा." आणि त्यांना सुचविले की सरांकडे जाऊन "का काढला" असे विचारू नका. सरावाला येऊ द्याल का, एवढेच विचारा.

परवा त्यांचा टेलिफोन आला. संघात अजून घेतलेले नाही. पण शनिवारच्या सरावाला यायला परवानगी मिळाली आहे, आणि सरांनी त्याला पेनल्टी कॉर्नरला चेंडू आत ढकलण्याचे काम दिले आहे. पोराने घरामागच्या भिंतीवर खडूने खूण केली असून तो संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तेथे चेंडू मारीत असतो. त्याच्या आईची तक्रार आहे की भिंतीचा रंग गेला.